बालाघाटातल्या जर्मन गाड्या: टिकाऊपणाचा आणि खर्चाचा इतिहास

बीड जिल्ह्यातले पाटोदा हे बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले तालुक्याचे गाव आहे. मांजरा नदी याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, आणि जामखेडच्या वाटेवर सौताड्याला विंचरणेचे पाणी खोल दरीत कोसळते. पाऊस कमी, जमीन हलकी आणि उसाच्या हंगामात गावेच्या गावे कोयता घेऊन बाहेर पडणारी, अशी या मुलखाची ओळख. माणूस आणि माल यांची ने-आण इथे पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यानेच झाली. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बीडलासुद्धा रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्यामुळे कोणती गाडी टिकते, तिला किती पैसा लागतो आणि ती बंद पडल्यावर कुठे दुरुस्त होते, हे प्रश्न इथे चैनीचे कधीच नव्हते. जर्मन बनावटीच्या गाड्यांची परीक्षाही या रस्त्यांवर झाली. त्या आल्या दोन वाटांनी: कष्टाची वाहने आधी आली, आलिशान मोटारी चाळीस-पन्नास वर्षांनी. दोन्हींच्या मुळाशी बरेचदा एकच कंपनी होती, पण दोन्हींचा हिशेब मात्र पार वेगळा लागला.

स्वातंत्र्यापूर्वी पाटोदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि शेजारचे जामखेड मुंबई इलाख्यात. मधल्या सरहद्दीवर मालाला करोडगिरी लागे. संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर सरहद्दीच्या दोन्हीकडचे रस्ते एकाच राज्यात आले. या काळातली आलिशान मोटार म्हणजे संस्थानिकांची मोटार, आणि तीही बहुधा इंग्लिश किंवा अमेरिकन. तिच्या खर्चाचा हिशेब कोणी मांडत नव्हते, कारण तो रयतेच्या पैशातून होत होता.

खरा इतिहास सुरू होतो १९५४ मध्ये. टाटांच्या टेल्को कंपनीने त्या वर्षी जर्मनीच्या डायम्लर-बेन्झशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरच्या कारखान्यातून टाटा-मर्सिडीज-बेन्झ ट्रक बाहेर पडू लागला. त्याच्या जाळीवर तीन टोकांचा तोच तारा होता, जो स्टुटगार्टच्या सलून मोटारींवर असे. भारतातल्या खेड्यापाड्यांनी मर्सिडीज पहिल्यांदा पाहिली ती मालट्रकच्या रूपात. करार १९६९ मध्ये संपला, तारा गेला, त्याच्या जागी टाटांचे इंग्रजी टी अक्षर आले. इंजिनाची घडण मात्र तीच राहिली. पुढे टाटांच्या ट्रकमध्ये आणि एसटीच्या अनेक बसमध्ये वर्षानुवर्षे चाललेले ६९७ हे इंजिन मर्सिडीजच्या ओएम ३५२ वरूनच आलेले होते. त्याच्या आकड्यातच त्याची ओळख आहे: ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर, एकूण क्षमता ५,६७५ सीसी, दोन्ही इंजिनांची मापे सारखीच.

हे इंजिन टिकले यात जर्मन अभियंत्यांचे श्रेय आहेच, पण त्याहून मोठे श्रेय त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचे आहे. डिझेल इंजिनाचा जीव पंपात आणि नोझलमध्ये असतो. बॉश कंपनीच्या भागीदारीतून १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेली मायको हे भाग देशातच बनवू लागली, आणि पुढे तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल तयार होऊ लागली. जिल्ह्याच्या गावी पंप-नोझलची दुकाने निघाली. बोअर घासला की ब्लॉक फेकून द्यावा लागत नसे. बोअर वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येत, नाहीतर स्लीव्ह घालून मूळ माप परत आणता येई. पाटे तुटले तर लोहार पट्टी घालून देई. प्रत्येक भागाला पर्याय होता आणि प्रत्येक कामाला जवळपास एखादा फिटर होता. एक इंजिन दोन-तीनदा उघडून पुन्हा बांधायचे, हे त्याच्या आयुष्यात गृहीतच धरलेले असे. मालक त्याला बिघाड म्हणत नसत, ‘इंजिन काम’ म्हणत, आणि त्यासाठी हंगामानंतर पैसे बाजूला ठेवत.

कष्टाच्या वाहनांची दुसरी धारा पाटोद्याच्या आणखी जवळून गेली. अहमदनगरच्या फिरोदिया घराण्यातले नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी स्थापन केली. जर्मनीच्या विडाल अँड सोहन टेम्पो-वेर्के या कंपनीच्या सहकार्याने आधी हॅनसीट ही तीन चाकी मालगाडी आणि नंतर आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटाडोर ही गाडी निघाली. १९८० च्या दशकात याच कंपनीने डायम्लर-बेन्झकडून ओएम ६१६ या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. हे इंजिन जर्मनीत २४० डी या मोटारीत बसवलेले असे. क्षमता सुमारे २,४०० सीसी आणि ताकद अवघी ६५ ते ७२ अश्वशक्ती; आजच्या मापाने फारच थोडी. पण त्या थोडेपणातच त्याचे दीर्घायुष्य होते. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) जाड ब्लॉक, पट्ट्याऐवजी साखळीवर चालणारा कॅमशाफ्ट, इंधन थेट सिलिंडरमध्ये न उडवता आधी छोट्या कोठडीत पेटवण्याची पद्धत, टर्बो नाही, संगणक नाही. हलक्या प्रतीचे डिझेल, धूळ आणि जादा भार हे सगळे ते सोसत असे.

२४० डी मोटारीची कीर्ती ग्रीसमधल्या एका टॅक्सीने जगभर नेली. थेसालोनिकीचे ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी १९७६ सालची आपली २४० डी सुमारे ४६ लाख किलोमीटर चालवून २००४ मध्ये मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली. हा आकडा सांगताना त्यातली महत्त्वाची गोष्ट बहुतेकदा गाळली जाते: ही सगळी वाटचाल एका इंजिनावर झाली नव्हती. इंजिने आलटून पालटून बदलली गेली, एक गाडीत असताना दुसऱ्याचे काम होत राहिले. न थकणारे यंत्र जगात नाही. ज्याचा थकवा वेळेवर आणि परवडेल अशा खर्चात काढता येतो ते यंत्र दीर्घायुषी ठरते. साचिनिदिस यांची टॅक्सी याचा जगातला सर्वांत ठळक पुरावा आहे, आणि त्याच जातीच्या इंजिनाने बालाघाटात तेच दाखवून दिले.

टेम्पो ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्स या गाड्यांमधून ओएम ६१६ आणि त्याच्या वाढीव आवृत्त्या महाराष्ट्रभर पसरल्या. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले. ट्रॅक्सची लांब आवृत्ती ‘क्रूझर’ या नावाने ओळखली जाते. बीड जिल्ह्यातल्या काळी-पिवळीच्या धंद्यात आणि लग्नाच्या वऱ्हाडांत ही गाडी घरची झाली. आत दाटीवाटीने बसलेली माणसे, टपावर सामान, घाटात दुसरा गिअर, अशा अवस्थेत चालणाऱ्या या गाडीच्या बॉनेटखाली मर्सिडीजचे इंजिन आहे याचा बडेजाव कोणी केला नाही. मालकाला हवे होते ते एवढेच: हेड गॅस्केट जवळच्या गावात मिळावे, नोझल त्याच दिवशी तपासून व्हावी, गाडी दुसऱ्या सकाळी फेरीला लागावी. जर्मन मोटारविद्येने मराठवाड्याला दिलेली सर्वांत मोलाची वस्तू हीच आहे, आणि मोटारींच्या इतिहासात तिला मिळते त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मिळायला हवी.

आलिशान जर्मन मोटार या काळात कायद्यानेच दूर होती. १९५० च्या दशकापासून देशाने तयार मोटारींची आयात जवळपास बंद केली. रस्त्यावर अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट. १९८३ नंतर मारुती. परदेशी मोटार असे ती वकिलातीत, बड्या उद्योगपतीकडे किंवा चित्रपटसृष्टीत. १९९१ चे आर्थिक धोरण आणि १९९३ मध्ये मोटार उद्योगाचा उठलेला परवाना यांनी चित्र बदलले. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेन्झची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरी-चिंचवडच्या आवारात ई-क्लास जोडली जाऊ लागली. ती डब्ल्यू १२४ या मालिकेतली होती. जर्मनीत त्याच वर्षी तिची पुढची पिढी बाजारात आली, त्यामुळे भारतीय गिऱ्हाईकाला जुने मॉडेल नव्या भावात मिळते आहे अशी भावना पसरली आणि विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली.

काळाने या प्रसंगाचा अर्थ उलटा केला. डब्ल्यू १२४ आज मर्सिडीजच्या सर्वांत भक्कम मोटारींत गणली जाते. तिच्या जागी आलेली डब्ल्यू २१० पत्र्याच्या गंजामुळे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कुरबुरींमुळे बदनाम झाली. अर्थात डब्ल्यू १२४ लाही दोष होताच. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिच्या पेट्रोल इंजिनांना जोडलेल्या वायरींचे वेष्टण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडे, आणि मग सगळी जोडणीच बदलावी लागे. पुढच्या तीस वर्षांत जर्मन मोटारींच्या तक्रारींचे स्वरूप कसे बदलत गेले, याची ही पहिली खूण होती. धातूचा भाग शाबूत राही आणि बिघाड होई तो प्लास्टिक, रबर, वायर आणि सेन्सर यांत.

मराठवाड्याच्या दारात हा उद्योग आला २००१ मध्ये. स्कोडाने औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला कारखाना काढला आणि ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. कंपनी चेक, पण मालकी फोक्सवॅगनची आणि डिझेल इंजिन त्यांचेच १.९ टीडीआय. याच कारखान्यात २००७ पासून ऑडीच्या मोटारी तयार होऊ लागल्या. त्याच वर्षी चेन्नईजवळ बीएमडब्ल्यूचा कारखाना उघडला, आणि २००९ मध्ये मर्सिडीज व फोक्सवॅगन दोघींचे कारखाने चाकणला सुरू झाले. मर्सिडीजच्या भारतीय मोटारींची इंजिने १९९७ पासून जोडून आणि तपासून देण्याचे काम फोर्स मोटर्स करते, म्हणजे ट्रॅक्स बनवणारी तीच कंपनी. काळी-पिवळी आणि ई-क्लास यांच्यातले नाते या एका गोष्टीत उघड होते.

मात्र जोडणी आणि निर्मिती यांत फरक आहे. बाहेरून सुट्या भागांत आणून इथे जोडलेली मोटार सीमाशुल्कात स्वस्त पडते. पूर्ण तयार स्थितीत आलेल्या महागड्या मोटारीवर २०१३ पासून १०० टक्क्यांच्या घरात शुल्क लागत आले आहे. पण कारखान्यात स्वस्तात जोडल्या गेलेल्या भागाचा जोड नंतर दुरुस्तीसाठी हवा असेल तेव्हा तो बहुधा परदेशातूनच, अधिकृत साखळीतून आणि पूर्ण भावाने येतो. ६९७ च्या पिस्टनला देशात अनेक कारखाने होते, तसे पर्याय इथे थोडेच. मालकीच्या खर्चाचे मूळ शोधायचे तर ते इथे सापडते.

ऑक्टोबर २०१० मध्ये, दसऱ्याच्या तोंडावर, औरंगाबादच्या दीडशे ग्राहकांनी मिळून १५० मर्सिडीज मोटारी एकत्र खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता, आणि भारतीय स्टेट बँकेने त्यातल्या मोठ्या हिश्श्याला सवलतीच्या ७ टक्के व्याजाने कर्ज दिले. ग्राहकांत उद्योजक, डॉक्टर, वकील, बांधकाम व्यावसायिक होते. देशभर बातमी गाजली. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, या समजुतीला तिने धक्का दिला. एकगठ्ठा खरेदीमागे रास्त विचार होता: मोठी मागणी दाखवली तर किमतीत, व्याजात आणि सेवेत सवलत मिळते, आणि सेवा केंद्राला शहरात यावे असे वाटते. लातूर, बीड, जालना या बाजूंनाही पुढच्या काळात अशा मोटारी दिसू लागल्या. साखर कारखानदारी, रस्त्यांची कंत्राटे, जमिनीचे व्यवहार आणि राजकारण यांतून आलेला पैसा त्यांत होता.

विकत घेण्याची किंमत सगळ्यांना माहीत होती. बाळगण्याची किंमत मात्र हळूहळू कळली. विम्याच्या नियमांतच तिचा मोठा भाग लिहिलेला आहे. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवण्याचे जे कोष्टक देशात रूढ आहे, त्यानुसार सहा महिन्यांनी मूल्य ५ टक्के घटते, वर्षाअखेर १५, दोन वर्षांनी २०, तीन वर्षांनी ३०, चार वर्षांनी ४० आणि पाच वर्षांनी ५० टक्के. पन्नास लाखांची मोटार पाच वर्षांत कागदावर पंचवीस लाखांची होते. तेवढ्या काळात ती ७५ हजार किलोमीटर चालली, तर प्रत्येक किलोमीटरमागे ३३ रुपये नुसत्या घसाऱ्यात गेले. डिझेल नव्वद रुपये लिटर आणि सरासरी १२ किलोमीटर धरली तर इंधन पडते साडेसात रुपये. म्हणजे पंपावर दिसणारा खर्च हा न दिसणाऱ्या खर्चाच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी असतो. बाजारात प्रत्यक्ष भाव या कोष्टकाच्याही खाली जातो, कारण जुनी जर्मन मोटार घेणारा माणूस पुढच्या दुरुस्तीची भीती भावातून कापून घेतो. शिवाय महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या वीस लाखांपुढील डिझेल मोटारीला १५ टक्के एकरकमी कर आहे. पन्नास लाखांवर तो साडेसात लाख होतो, आणि गाडी विकताना तो परत येत नाही.

विम्यातला आणखी एक नियम या मोटारींना विशेष जाचतो. अपघाताच्या दाव्यात रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्या किमतीतून ५० टक्के कापले जातात. जुन्या ट्रकचा बंपर लोखंडी असे. आधुनिक जर्मन मोटारीच्या पुढच्या भागात प्लास्टिकचा बंपर, त्यात सेन्सर, त्यामागे प्लास्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर आणि दोन्ही बाजूंना एकसंध दिवे असतात. रात्री रस्त्यावर आलेले एखादे जनावर किंवा दिवे नसलेली उसाची ट्रॉली एवढ्या धडकेत दुरुस्तीचे बिल लाखांत जाऊ शकते. म्हणूनच घसारा न कापणारा जादा विमा हा अशा मोटारीच्या खर्चाचा कायमचा भाग झाला.

बिघाडांचा इतिहासही आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २००७ ते २०११ या काळातल्या बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंगची साखळी इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली होती. ती सैल पडू लागली की आवाज येई. तुटली तर इंजिनच जाई. साखळीची किंमत एक वेळ परवडे, पण तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागे. साधारण त्याच वर्षांतल्या ऑडी-फोक्सवॅगनच्या १.८ आणि २ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनांत पिस्टन रिंगांच्या रचनेमुळे ऑइल जळण्याची तक्रार जगभर झाली. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सचा नियंत्रक भाग उष्णतेत आणि संथ रहदारीत दगा देई. मर्सिडीजच्या मोठ्या मॉडेलांतली हवेवरची सस्पेन्शन व्यवस्था खड्ड्यांचा त्रास आत येऊ देत नाही, पण तिच्या रबरी पिशव्या वयाने आणि उन्हाने चिरतात. मग कंप्रेसर सतत चालून तोही जातो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले ऑइल गाडीच्या आयुष्यभर चालते, असे मोटार कंपन्या सांगत राहिल्या. गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान ते बदलण्याचा सल्ला देते. पहिल्या मालकाला कंपनीचे म्हणणे सोयीचे होते. त्याची किंमत दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाने मोजली.

पाटोद्यासारख्या ठिकाणी या दोषांत मुलखाची भर पडते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि धूळ वर्षातले आठ महिने असते. पाणी बोअरचे किंवा टँकरचे, जड आणि क्षारयुक्त. ट्रकच्या रेडिएटरमध्ये बादलीभर साधे पाणी ओतणे ही या भागातली जुनी सवय होती, आणि बिडाचा ब्लॉक ते बरेचसे सहन करी. ॲल्युमिनियमच्या आधुनिक इंजिनात तेच पाणी थर धरते, बारीक वाटा बुजवते, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट खाते. तिथे ठरलेल्या प्रतीचे कूलंटच लागते. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत स्टेपनी नसते. त्यांचे टायर पंक्चर झाले तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर चालतात, आणि शहरात ते पुरते. इथे मात्र टायर फुगला किंवा चिरला तर त्या मापाचा दुसरा टायर पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरहून येईपर्यंत गाडी जागेवर उभी राहते.

इंधनाचा मुद्दा सर्वांत कमी चर्चिला गेला आणि कदाचित सर्वांत निर्णायक ठरला. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या १३ शहरांत बीएस-४ (भारत स्टेज-४) या प्रदूषण मानकाचे इंधन आले. महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. त्या यादीबाहेरच्या भागात, म्हणजे बीडमध्येही, बीएस-३ डिझेलच मिळे. बीएस-४ मध्ये गंधकाची मर्यादा ५० पीपीएम, बीएस-३ मध्ये ३५०. पुण्यात घेतलेली जर्मन डिझेल मोटार गावाकडे आली की सातपट गंधक असलेल्या इंधनावर चाले. कॉमन रेल पद्धतीत डिझेल हजार बारपेक्षा कितीतरी जास्त दाबाने केसाएवढ्या छिद्रांतून जाते. तिथे पाण्याचा अंश, केर किंवा रॉकेलची भेसळ इंजेक्टरचा घास घेते. ओएम ६१६ ची नोझल साफ करून पुन्हा बसवता येई. कॉमन रेलचा इंजेक्टर तपासायला खास यंत्र लागते, आणि बदलला तर त्याचा कोड इंजिनाच्या संगणकात भरावा लागतो. देशभर बीएस-४ इंधन १ एप्रिल २०१७ पासून आले आणि १० पीपीएमचे बीएस-६ इंधन १ एप्रिल २०२० पासून. म्हणजे २०१० ची डिझेल मर्सिडीज ग्रामीण मराठवाड्यात आपल्या उमेदीची वर्षे चुकीच्या इंधनावर जगली. तिच्या बिघाडांचा सगळा दोष तिच्या बनावटीवर टाकणे अन्यायाचे होईल.

दोष बनावटीच्या पलीकडेही होते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीला आले की फोक्सवॅगनने ईए १८९ डिझेल इंजिनांत चाचणीच्या वेळीच प्रदूषण कमी दाखवणारी प्रणाली बसवली होती. भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने तपासणी केली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० मोटारी परत बोलावण्याची घोषणा केली, त्यांत फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी तिन्ही होत्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. जर्मन अभियांत्रिकीवरच्या विश्वासाला या प्रकरणाने लावलेला तडा कुठल्याही साखळी किंवा गिअरबॉक्सच्या दोषापेक्षा खोल होता.

या सगळ्याचा परिणाम जुन्या गाड्यांच्या बाजारात दिसला. पाच-सात वर्षांची मर्सिडीज किंवा ऑडी नव्या मध्यम मोटारीच्या भावात मिळू लागली, आणि शहरातून निघालेल्या अशा गाड्या तालुक्याच्या गावांत पोहोचल्या. गाडीचा भाव जुन्याचा, पण तिचे पार्ट नव्याच्याच भावाचे, हे समीकरण घेताना लक्षात येत नाही. साठ लाखांच्या मोटारीचा सस्पेन्शनचा भाग ती बारा लाखांना विकली गेली म्हणून स्वस्त होत नाही. त्यातून एक नवा कारागीर उभा राहिला: स्कॅनर, प्रोग्रॅमर आणि परदेशी पार्टची ऑनलाइन यादी घेऊन काम करणारा स्वतंत्र तंत्रज्ञ. पुणे आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये असे गॅरेजवाले निव्वळ जर्मन गाड्यांवर पोट भरतात. बॉश, झेडएफ, माहले यांसारख्या मूळ पुरवठादारांचा माल ते मोटार कंपनीच्या खोक्याविना, कमी भावात आणतात. ट्रकच्या इंजिनाभोवती जी व्यवस्था १९५० ते १९८० या तीस वर्षांत उभी राहिली, तिचीच ही उशिरा आलेली आणि अजून शहरापुरती राहिलेली आवृत्ती आहे. ती जसजशी वाढते आहे, तसतसा दहा वर्षांच्या जर्मन मोटारीचा खर्च आवाक्यात येतो आहे. वेळेवर ऑइल, योग्य कूलंट आणि गिअरबॉक्सची देखभाल मिळालेल्या गाड्या तीन-चार लाख किलोमीटरपर्यंत धावू शकतात.

बीएस-६ नंतर हिशेब पुन्हा बदलला. नव्या डिझेल मोटारीत काजळी अडवणारा फिल्टर आणि युरियाचे द्रावण वापरणारी यंत्रणा असते. फिल्टरमधली काजळी जळण्यासाठी गाडी अधूनमधून सलग आणि वेगात चालावी लागते. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती तुंबते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणावर उसापासून बनते, आणि तो ऊस तोडणाऱ्यांत पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतली माणसे असतात. इथेनॉलपासून मिळणारी ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने गाडीची सरासरी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट ६ ते ७ टक्के धरली आहे. २०१० च्या आसपासच्या जर्मन पेट्रोल मोटारी २० टक्के मिश्रणासाठी बनलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या इंधन नळ्या आणि सील यांची तपासणी हा देखभालीचा नवा भाग ठरला.

औरंगाबादच्या त्या १५० मोटारींना ऑक्टोबर २०२५ मध्ये १५ वर्षे पूर्ण झाली, आणि पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण बंधनकारक आहे. बीडच्या एमएच २३ पासिंगची त्या वयाची गाडी असो वा कुठलीही, आधी तिला तपासणीतून जावे लागते. देशी बनावटीच्या खासगी मोटारीसाठी एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे, आयात केलेल्या मोटारीसाठी ४०,०००. पुण्यात जोडलेली मर्सिडीज पहिल्या गटात येते. दीड लिटरहून मोठ्या इंजिनाच्या खासगी मोटारीचा सक्तीचा तृतीय पक्ष विमा २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला ७,८९७ रुपये आहे, मग ती मोटार पाच लाखांची असो वा पन्नास. या वयात घसारा जवळपास थांबलेला असतो आणि कर भरून झालेला असतो, त्यामुळे किलोमीटरमागचा खर्च नव्या मोटारीच्या काही अंशांवर उतरतो. उरतो तो फक्त दुरुस्तीचा खर्च, आणि त्याचा आकडा पूर्वीच्या मालकांनी पहिल्या दहा वर्षांत काय केले आणि काय टाळले यावर अवलंबून असतो. सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असलेली पंधरा वर्षांची ई-क्लास आज चालवण्याजोगी आणि परवडण्याजोगी गाडी आहे. नोंदी नसलेली तीच गाडी बहुधा सुट्या भागांसाठी विकली जाते, आणि तिचे दरवाजे, दिवे व गिअरबॉक्स दुसऱ्या गाड्यांना लागतात.